आदल्या रात्रीची बाटली

आतड्याच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री धावपळ करून रक्ताची बाटली लावायची आणि सकाळी "आता एचबी बरं आहे, घ्या पेशंट आत" म्हणायचं, या प्रकाराचा मला भयंकर कंटाळा आलाय. मी भूलतज्ज्ञ आहे, पेशंट माझ्यापर्यंत "फिटनेस"साठी, म्हणजे भूल आणि ऑपरेशन झेपेल का हे बघायला, येतो तो बहुतेक वेळा अगदी शेवटच्या क्षणी, त्यामुळे हे चित्र माझ्या फार ओळखीचं झालंय. म्हटलं आज लिहूनच टाकू, लांबेल, पण चालवून घ्या.

चित्र कसं असतं बघा. साठीच्या आसपासचे काका. गेलं वर्षभर दम लागतोय, जिना चढला की बसावं लागतं, घरचे म्हणतात वय झालं आता. मग मेडिकलवाल्याकडून लाल टॉनिक. मग कुणीतरी रक्त तपासायला सांगतं आणि एचबी म्हणजे हिमोग्लोबिन ८ निघतं (पुरुषाला हवं १३), मग रक्ताच्या, म्हणजे लोहाच्या, गोळ्या चालू. मूळव्याध आहेच जुनी, म्हणजे तिच्यावर बिल फाडून सगळे मोकळे. पुढे कधीतरी एखादा शहाणा डॉक्टर आतडं आतून बघायच्या दुर्बिणीला पाठवतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ सापडते, बहुधा कॅन्सरची. उजव्या बाजूची गाठ अशीच असते हो, रोज थोडं थोडं रक्त जातं पण ते शौचात मिसळून जातं, डोळ्याला लाल काही दिसतच नाही. डाव्या बाजूला असली तर रक्त दिसतं, पोट अडतं, माणूस घाबरून लवकर येतो. उजवीकडची गप्प राहते आणि पहिली खूण दिसते ती फक्त कमी होत जाणारं हिमोग्लोबिन.

आता माझा मुद्दा. दुर्बिणीपासून ऑपरेशनपर्यंत बायोप्सीचा रिपोर्ट, सीटी स्कॅन, योजनेची मंजुरी, पैशांची जुळवाजुळव, मोठ्या मुलाने पुण्याहून येणं, असं करत दोन-तीन आठवडे सहज जातात. तो ८ चा आकडा या सगळ्या काळात फायलीतच असतो. फिजिशियनला वाटतं सर्जन बघतील, सर्जनला वाटतं फिटनेसमध्ये निघेल, आणि फिटनेस आदल्या दिवशी. कुणाचीच वाईट नियत नसते, फक्त ते काम कुणाच्याच नावावर नसतं. आणि एक गंमत सांगते. दुर्बिणीच्या आधी आठवडाभर लोहाच्या गोळ्या बंद करायला सांगतात, कारण त्याने शौच काळं आणि चिकट होतं आणि आतडं नीट साफ होत नाही. बरोबरच आहे. पण दुर्बीण झाल्यावर त्या परत चालू करायला कुणी सांगतच नाही! म्हणजे ज्या माणसाचं रक्त रोज जातंय त्याचं होतं तेवढं लोहही बंद.

याने फरक काय पडतो? २०११ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, हृदयाची सोडून इतर मोठी ऑपरेशन्स झालेले सव्वादोन लाखांहून जास्त पेशंट. त्यात साधारण ३० टक्के लोकांना ऑपरेशनआधी अ‍ॅनिमिया, म्हणजे एचबी कमी, होता, आणि वय, बाकीचे आजार वगैरे सगळा हिशोब लावूनही त्यांच्यात ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास जास्त निघाली. आणि हे सौम्य अ‍ॅनिमियातही. म्हणजे "जरा कमी आहे, चालतंय" म्हणतो ना आपण, त्यातही. आतड्याच्या ऑपरेशनमध्ये तर कापून परत जोडलेला भाग भरून यायचा असतो, त्याला ऑक्सिजन लागतो, तो नेणारं रक्तच कमी असेल तर शरीराकडे हाताशी काही उरत नाही.

मग बाटली लावली तर काय बिघडलं, असं लगेच कुणीतरी विचारेल. कधी कधी लावावीच लागते, एचबी ५ आहे किंवा आतडं अडलंय, रक्त जोरात जातंय, तिथे तत्त्वज्ञान सांगत बसायचं नसतं. पण ८-९ वाल्याला आदल्या रात्री एक बाटली दिली की एचबी वाढतं साधारण १ ने. कागद सुधारतो. त्या एका बाटलीतून लोह मिळतं २०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ६० किलोच्या माणसाचं एचबी ८ असेल तर हिशोबाने त्याला लागतं दीड ग्रॅम. कोठार रिकामंच राहतं. वर म्हाताऱ्या माणसाला रात्रीतून दोन-दोन बाटल्या चढवल्या की फुप्फुसात पाणी व्हायची भीती, ती सकाळी मला निस्तरायची. कॅन्सरच्या पेशंटमध्ये रक्त चढवणं आणि आजार परत येणं यांचा संबंधही जुन्या अभ्यासांत दिसलाय. आता ज्याला रक्त लागतं तो मुळात जास्त आजारी असतो, त्यामुळे दोष रक्ताचाच असं ठामपणे म्हणता येत नाही, पण उगाच देऊ नये एवढं तरी त्यातून कळतं. आणि रक्तपेढीत बदली रक्तदाता आणा म्हटल्यावर नातेवाईकांची जी पळापळ होते ती वेगळीच.

इथपर्यंत वाचून आमचे काही मित्र म्हणतील, मग सलाईनमधून लोह द्या, प्रश्न मिटला. थांबा. मीही त्याच बाजूची आहे, पण त्याची जाहिरात होते तेवढं ते जादूचं नाही. ब्रिटनमध्ये ४६ हॉस्पिटलांत प्रिव्हेंट नावाची चाचणी झाली, २०२० साली निकाल आला. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी अ‍ॅनिमिया असलेले ४८७ पेशंट, अर्ध्यांना शिरेतून १ ग्रॅम लोह, अर्ध्यांना नुसतं सलाईन. रक्त लागणं किंवा मृत्यू, हे एकत्र धरलं तर एका बाजूला २९ टक्के आणि दुसऱ्या बाजूला २८. म्हणजे फरक शून्य! पण त्याच चाचणीत पुढच्या आठ आठवड्यांत लोहवाल्यांचं एचबी चांगलं वाढलं आणि परत अ‍ॅडमिट व्हायचं प्रमाणही कमी दिसलं. मग २०२३ मध्ये नेदरलँड्सवाल्यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे २०२ पेशंट घेऊन शिरेतलं लोह आणि गोळ्या यांची तुलना केली. ऑपरेशनच्या वेळेपर्यंत एचबी नॉर्मलला आलेले १७ टक्के विरुद्ध १६ टक्के, परत तेच. आणि ऑपरेशननंतर ३० दिवसांनी? शिरेतून लोहवाले ६० टक्के, गोळ्यावाले २१.

माझ्या मते याचा अर्थ सरळ आहे, रक्त बनायला वेळ लागतो. शिरेतून लोह दिलं तरी हाडातल्या मज्जेला तीन-चार आठवडे हवेत. आपण ते दहा-पंधरा दिवस आधी देतो आणि ऑपरेशनच्या सकाळी निकाल मागतो. म्हणून मी म्हणते सुरुवात दुर्बिणीच्या दिवशीच व्हावी, गाठ दिसली की त्याच कागदावर फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या रक्ततपासण्या लिहा, बायोप्सीची वाट बघायची काय गरज आहे? आणि उलट बाजूने हेही सांगते की फक्त एचबी वाढावं म्हणून कॅन्सरचं ऑपरेशन महिनोन्‌महिने पुढे ढकलायचं नाही. हातात आहेत ते आठवडे वापरा, एवढंच मागणं आहे.

गोळ्यांचं काय? साध्या कमतरतेत गोळ्या छान काम करतात, एक दिवसाआड घेतल्या तर उलट जास्त चांगल्या शोषल्या जातात असं दिसलंय. पण गाठ असते, किंवा आपल्याकडे आतड्याचा टीबी असतो, क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा आजार असतो, तेव्हा शरीरात सूज असते आणि लिव्हर हेप्सिडिन नावाचं द्रव्य जास्त बनवतं. मग आतड्यातून लोह आत येत नाही आणि साठ्यातलंही बाहेर निघत नाही, धान्य आहे पण कोठाराला कुलूप अशी गत. अशा माणसाला गोळ्या खाऊन फक्त बद्धकोष्ठता होते. म्हणूनच फेरिटिन नॉर्मल दिसलं तरी फसायचं नाही, सूज असली की ते खोटंच वर दिसतं. आणि प्रत्येक कमी एचबी लोहाचंच असतं असंही नाही. बी-१२ ची कमतरता असते, थॅलेसेमिया मायनर असतो, विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल असतो, हे दोन्ही रक्ताचे आनुवंशिक प्रकार. न बघता लोह ओतणं हाही आळशीपणाच.

आता बायकांबद्दल, कारण इथे माझं डोकं जास्त तापतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया आहे. इतकं सर्रास असल्यामुळे "बाईमाणूस, एवढं चालायचंच" हे आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय, डॉक्टर धरून. पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या मावशींचं एचबी ९ आहे तर ते रक्त जातंय कुठे, हा प्रश्न कुणाला पडत नाही! पुरुष आणि पाळी गेलेल्या बायका यांच्यात लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया सापडला तर वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी करा, हे ब्रिटिश पोटविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे मावशींना बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि लोखंडी कढई. खा ना, चांगलंच आहे, पण आतून गळतंय ते बिटाने थांबणार नाही. त्यात बाईसाठी १२ आणि पुरुषासाठी १३ ही नॉर्मलची रेघ ऑपरेशनच्या बाबतीत मला पटतच नाही. आतडं कापताना रक्त बाईचं कमी जात नाही, उलट तिच्या अंगात मुळात रक्त कमी, म्हणजे तेवढंच गेलं तरी तिचं नुकसान जास्त. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने दोघांसाठी १३ च धरा असं सुचवलंय, आमच्याकडच्या लॅबच्या रिपोर्टवर मात्र अजून १२.१ ला काळ्या अक्षरात "नॉर्मल" छापून येतं आणि फाईल पुढे सरकते.

खर्चाचं विचाराल तर शिरेतून द्यायचं नवीन लोह १ ग्रॅम एका बैठकीत पंधरा मिनिटांत जातं, महाग आहे. जुनं आयर्न सुक्रोज स्वस्त, पण एका वेळी २०० मिलिग्रॅमच, म्हणजे फेऱ्या जास्त. गावाकडच्या माणसाला दर फेरीला एसटी, बुडालेली रोजंदारी आणि सोबत एक माणूस, हे धरलं तर स्वस्त ते महाग पडू शकतं, हा हिशोब आधी घरच्यांशी बोलून घ्या.

आणि घरी सोडताना बघा, डिस्चार्ज कार्डावर अँटिबायोटिक असतं, अ‍ॅसिडिटीची गोळी असते, टाके काढायची तारीख असते, एचबीबद्दल एक ओळ नसते. केमो लागणार असेल तर त्या ओळीची गरज अजूनच. तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल तर पहिल्या भेटीतच विचारा की लोह तपासलंय का, आणि घरी नेताना महिन्याने सीबीसी (एचबी दाखवणारी साधी रक्ततपासणी) करायचं कार्डावर लिहून घ्या. डॉक्टर चिडले तर चिडू देत.