सातवी शिट्टी आणि एक वाटी

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "भात सोडू नका, ब्राऊन राइस खा. पण एकच वाटी." इगतपुरीच्या इंद्रायणीवर पोसलेला माणूस मी. मिसळ त्यांनी आधीच बंद केलेली. निदान भात तरी वाचला म्हणून येतायेताच पाच किलोची पिशवी घेतली.

पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे तीन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर दाणे होते तसेच, फक्त अंघोळ करून बसलेले. आणखी चार काढल्या. सातव्या शिट्टीला शेजारच्या काकू दारात. "हरभरे उकडताय का हो?" "भात आहे," म्हटलं. त्या न बोलता परत गेल्या.

ताटात वरण ओतलं, तर ते दाण्यांवरून घरंगळून ताटाच्या कडेला जाऊन थांबलं. चव वहीच्या पुठ्ठ्याची. लिंबू पिळलं, पुठ्ठा आंबट झाला. लोणचं कालवलं, तर लोणचं वेगळं लागे आणि पुठ्ठा वेगळा. चौथ्या घासाला कानशिलं दुखायला लागली.

शेवटी घोटीला आईला फोन लावला. ती खो खो हसली. "अरे, हा आपला हातसडीचाच की! तूस काढलं, कोंडा ठेवला. त्या कोंड्यातून वरून घातलेलं आत जाईल होय? जे काय घालायचं ते शिजायच्या आधी घाल. आणि किती आणलास?"

"पाच किलो."

"कोंड्यात तेल असतं रे बाबा, खवट होईल तो. फ्रीजमध्ये टाक." मग हळूच भाव विचारला. मी निम्माच सांगितला, तरी तिकडे बराच वेळ शांतता होती. त्यांच्या गावात लोक तांदूळ पांढरा करून घ्यायला गिरणीला पैसे मोजतात.

रविवारी तांदूळ सकाळीच भिजत घातला. दुपारी निथळून तुपावर परतायला घेतला. पाच-सात मिनिटं काहीच नाही, मग एकदम भाजक्या शेंगदाण्यासारखा खमंग वास सुटला. त्यात कांदा, ठेचलेला लसूण, तमालपत्र आणि चमचाभर काळा मसाला. एका वाटीला अडीच वाट्या उकळतं पाणी, मीठ त्या पाण्यातच. झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास. वर दहा मिनिटं नुसताच मुरू दिला. त्या दहा मिनिटांत मी चार वेळा झाकणाला हात लावला आणि चारही वेळा बायकोने तो बाजूला केला.

पण भात काय झाला होता! दाणा मोकळा, चावायला किंचित कणखर, आणि मसाला पार आतपर्यंत. काळ्या मसाल्याचा वास जिन्यात पोचला असावा, कारण काकू परत आल्या. या वेळी वाटी घेऊन.

मीही डॉक्टरांची आज्ञा तंतोतंत पाळली. एकच वाटी घेतली. आमटीची, खोलगट, शीग लावून. बायकोने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उठून देवघरात गेली आणि नैवेद्याची वाटी घेऊन आली.