मागनं बघू?

माझी एसटी काल उसवली गेली. पाच पाळ्या खपून कापडावर दोऱ्यानं भरलेली लालभडक गाडी, मागचं चाक तेवढं राहिलं होतं. आणि जिनं उसवली ती बाई माझी नात्यागोत्यातली कुणीही नाही.

पाळ्या म्हणजे डायलिसिसच्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, मिरजेला, दुसऱ्या शिफ्टला, चार-चार तास. डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनीला जोडून घेतलेली शीर, आणि त्यात दोन सुया. सुया म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. आमच्या घरी पोती शिवायला हे प्रकरण निघायचं तेव्हा त्याला दाभण म्हणत. डावा हात चार तास हलवायचा नाही. उजवा मोकळा, फक्त दर अर्ध्या तासानं बीपीचा पट्टा त्याला करकचून मिठी मारतो. या उजव्या हाताचं करायचं काय, हा प्रश्न मला दोन वर्षं छळत होता. मोबाइल झाला. पेपर झाला (एका हातानं पेपर उलटून बघा एकदा). छताचे चौकोन मोजून झाले, ४८ आहेत, त्यातला एक फुटका.

मग एकदा माळा आवरताना बायकोची लग्नाआधीची दोसुती, म्हणजे भरतकामाचं जाडसर कापड, सापडली. अर्धवट भरलेला पोपट, त्याला डोळा नव्हता. तो डोळा मी भरला आणि सुटलोच. एका हातानं भरतकाम होत नाही असं सगळे सांगतात. होतं. रिंग चिमट्यानं टेबलाला पक्की करायची, सुई वरून खाली सोडायची, हात खाली न्यायचा, तिथून ओढायची, पुन्हा वर. बाळबोध फुलीचा टाका. अडचण एकच, सुईत दोरा ओवणं. ते एका हातानं ब्रह्मदेवालाही जमणार नाही. म्हणून आदल्या रात्री मालिका बघता बघता बायको दहा सुया ओवून स्पंजच्या तुकड्याला टोचून देते. "लढाईला निघालेत," असं वर म्हणते. बोटाला टोचून घ्यायचं नाही, कारण रक्त नळ्यांत गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेलं असतं आणि मग टाचणीएवढ्या भोकातून रक्त थांबता थांबत नाही. पहिल्या महिन्यात पोपटाच्या पंखावर असा एक डाग पडला. बायकोनं त्याचं डाळिंब करून दिलं.

मी एसटीत ३१ वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. फलाटावर गाडी लावणं आणि माणसांच्या शिव्या खाणं, दोन्ही कामं लाउडस्पीकरवर. त्यामुळे स्वतःच्या मनानं काही भरायचं म्हटल्यावर मोर, कमळ, स्वस्तिक असलं डोक्यात आलंच नाही. चौकटीच्या वहीवर मी गाडी काढली. ४२ घरं लांब, १९ घरं उंच. खाली निळ्या दोऱ्यात '१ जून १९४८', म्हणजे पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली तो दिवस. मंडळाचं माझ्या पेन्शनीकडे लक्ष असो वा नसो, माझं त्याच्या वाढदिवसाकडे आहे.

तर अक्का.

अक्का म्हणजे शेजारच्या पलंगावरच्या आप्पांची बायको. धारवाडकडची. वय सत्तरीच्या पुढे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, इरकल नेसलेली. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असा नियम आहे आणि तो सगळ्यांना लागू आहे. अक्काला त्याची कल्पना देण्याचं धाडस अजून कुणी केलेलं नाही. आप्पा सुया टोचल्या की डोक्यावरून पांघरूण घेतात ते चार तासांनी काढतात. मला आधी वाटायचं एसीच्या गारठ्यानं. आता कारण कळलंय.

दोन आठवडे ती लांबून बघत होती. परवा सोमवारी उठून आली.

"काय हे? फ्रीज काय?"

"एसटी आहे, अक्का."

"हं." मग मान तिरकी करून म्हणाली, "मागनं बघू?"

भरतकाम करणाऱ्या बाईनं 'मागनं बघू' म्हणणं म्हणजे मुलगी बघायला आलेल्यांनी 'जरा चालून दाखव' म्हणण्यातला प्रकार. मी रिंग उलटी केली. मागे जे होतं ते होतं. गाठी, लोंबणारे दोरे, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेलेले शॉर्टकट. अक्कानं तोंडावर पदर धरला.

"गाठी मारल्यात की हो!"

"गाठ मारल्याशिवाय दोरा थांबणार कसा?"

तिथून पुढे पाऊण तास व्याख्यान. त्यांच्याकडे कसुती करतात, म्हणजे धारवाडकडचं भरतकाम. त्यात गाठ मारायची नाही, कापडावर छाप काढायचा नाही, कापडाचे धागे नजरेनं मोजत जायचं. गवंती टाका जाताना एक सोडून एक घर घेतो आणि येताना गाळलेली घरं भरत येतो, त्यामुळे पुढून आणि मागून नक्षी सारखीच. मुरगी म्हणजे तोच टाका पायऱ्यापायऱ्यांनी. नेगी विणल्यासारखा दिसतो. आणि मी जो करतोय त्याला मेंथी म्हणतात, मेथीच्या दाण्यासारखा. तो "शेवटाला भराव टाकायला" वापरतात, सगळी गाडी मेंथीत भरणारा माणूस तिनं जन्मात बघितला नव्हता. तिच्या आईनं इरकलीच्या पदरावर रथ, पालखी, हत्ती, गोपुर भरलं होतं, कंदिलाच्या उजेडात, आणि मागनं बघितलं तर...

"पुढूनसारखंच," पांघरुणाखालून आप्पा म्हणाले. वर्षभरात मी ऐकलेलं त्यांचं पहिलं वाक्य.

इथे मला एक सांगायचंय. ऐकायला मी ना नव्हतो. पण जो येतो तो शिकवूनच जातो, हे कसं काय? तुम्ही आडवे असलात की उभी असलेली सगळी माणसं हुशार होतात. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. मी त्यातलं पोटॅशियम सांगतो, जे माझ्या किडन्यांना बाहेर टाकता येत नाही, तो म्हणतो, "अहो, नारळपाण्यानं काय होतंय?" काय होतं ते हृदयाला विचारा. आणि मुख्य म्हणजे मला दिवसाला एक लिटर पाणी, त्यात चहा धरून, आमटी धरून, गोळ्यांचे घोट धरून. शेजारचं यंत्र मिनिटाला अर्धा लिटर गट्टम करतं, म्हणजे चार तासांत १२० लिटर, माझ्या डोळ्यांदेखत, आणि त्याला कुणी विचारत नाही की कालपासून किती झालं. वर सगळ्यांचं एकच वाक्य, "बरंय, वेळ तरी जातो." वेळ जातो म्हणजे काय? आठवड्याचे बारा तास माझेच जातात ना?

असो. बुधवार.

मागचं चाक सुरू केलं आणि तिसऱ्या तासाला माझं बीपी घसरलं. जांभया, कानात शिट्टी, डोळ्यांपुढे ठिपके. टेक्निशियन पोरगा धावला, डोकं खाली केलं, पाय वर केले, सलाइन सोडलं. टेबल बाजूला सरकवताना रिंग निसटणार, तेवढ्यात अक्का म्हणाली, "द्या हिकडं, मी धरते."

धरते, एवढंच ती म्हणाली होती.

मला नीट दिसायला लागलं तेव्हा ती स्टुलावर बसली होती आणि तिच्या मांडीवर लाल दोऱ्याचा गुंता होता. शेवयांसारखा. माझी सातही खिडक्यांची गाडी गेली होती. ड्रायव्हरचं केबिन आणि पुढचं चाक तेवढं शिल्लक.

"उसवलं," ती प्रेमानं म्हणाली. "आता नीट घाला."

मी ओरडायला तोंड उघडलं. पण भांडायचं तर हातवारे लागतात. डावा हात वळला मात्र, यंत्र बोंबलायला लागलं. पोरगा पळत आला. "काका, हात हलवू नका!" मी म्हटलं, अरे, हिनं बघ काय केलंय. पुन्हा हात, पुन्हा बोंब. "काका, प्लीज!" आख्खा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला, तोंडावर भाव एकच, म्हाताऱ्याला झेपत नाही वाटतं. ३१ वर्षं मी लाउडस्पीकरवरून स्टँड शांत केलाय. काल मला एक यंत्र गप्प करत होतं.

अक्का तोवर माझ्या ओवलेल्या सुयांतली एक घेऊन कामाला लागली होती. दाखवते म्हणाली. दीड तासात, चष्म्याशिवाय, छाप नाही, वही नाही, जिथे माझी गाडी होती तिथे तिनं गोपुर उभं केलं. लाल दोऱ्याचं, पायऱ्यापायऱ्यांचं, वर कळस. खाली '१ जून १९४८' तसंच. केबिनमधून थेट देवळात शिरणारी गाडी झाली ती.

सुया काढून, दाबून, पट्टी बांधून मी वजनकाट्याकडे चाललो तेव्हा सिस्टरनं कापड माझ्या हातातून घेतलं. "अय्या काका, हे तुम्ही काढलं? किती सुबक!" डॉक्टरही थांबले. म्हणाले, "तुमचा हात आता चांगलाच बसलाय." मागे अक्का आप्पांना चपला घालत होती. तिला ऐकू गेलं असणारच.

मी म्हटलं, "हो, सवयीनं येतं."

रात्री घरी रिंग घेऊन बसलो. ठरवलंच होतं, गोपुर उसवायचं. सगळं. बायको म्हणाली, जेवून घ्या आधी. जेवलो. मग चष्मा लावला, टेबलावरचा दिवा जवळ ओढला, कापड उलटं केलं. मागून बघितलं, पुढून बघितलं, पुन्हा मागून. उसवायला कुठून तरी सुरुवात करायला लागते, एक गाठ तरी सापडायला लागते, नाहीतर एखादं सुटं टोक.

साडेअकरापर्यंत शोधत होतो.