टक्कल म्हणजे देवाचा शाप? बायबलात असं कुठंय?

ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. म्हणे बायबलच्या काळात टक्कल हा देवाचा शाप होता, डोकं भादरायला देवानं सरसकट बंदी घातली होती, आणि मुंडण व्हायचं ते फक्त गुलाम-कैद्यांचं. पुरावा काय तर अलीशा संदेष्ट्याची गोष्ट.

शापाचं आधी बघू. बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या 13 व्या अध्यायात याजकानं, म्हणजे पुजाऱ्यानं, त्वचारोग कसा तपासायचा ते दिलंय, आणि तिथंच सरळ लिहिलंय की ज्याचे केस गळाले तो टकला आहे पण शुद्ध आहे, कपाळाकडचे गेले तरी शुद्धच. टकलावर तांबूस-पांढरा चट्टा उठला तरच भानगड. आणि अलीशा? बेथेल गावची पोरं त्याला "टकल्या, वर जा" म्हणून चिडवतात, तो शाप देतो आणि दोन अस्वली येऊन 42 जणांना फाडतात. भयंकरच गोष्ट आहे, पण अहो शाप बसला कुणाला, टकल्याला की चिडवणाऱ्यांना? टकलाची लाज वाटायची हे मान्य, यशयाच्या पुस्तकात (अध्याय 3) सियोनच्या, म्हणजे यरुशलेमच्या, नटव्या बायकांना तशी धमकीच आहे, पण मेसेजवाल्यानं लाज आणि शाप एकाच पोत्यात भरलेत.

आता बंदी. लेवीय 21 ची बंदी याजकांना. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली (अध्याय 14) सगळ्यांना, पण मेलेल्यासाठी कपाळावरचे केस काढू नका एवढीच. तरी लोक शोकात भादरायचेच, पोरं गेल्याचं कळल्यावर ईयोबानं अंगरखा फाडला आणि डोकं भादरलं, आणि तिथं त्याला कोणी पापी म्हटलेलं नाही. मीखा संदेष्टा तर लोकांना सांगतो की लाडकी लेकरं बंदिवासात गेली, गिधाडासारखं टक्कल करा. याउलट बरा झालेल्या कुष्ठरोग्यानं सगळे केस काढायचेत असा नियमच आहे, आणि नाजीराचा, म्हणजे देवाला वाहून घेतलेल्याचा, नवस फिटला की दर्शनमंडपाच्या (देवाच्या तंबूच्या) दारात डोकं भादरून ते केस शांत्यर्पणाच्या बळीखालच्या आगीत टाकायचे (गणना 6). ही कसली बंदी?

गुलाम-कैद्यांचं थोडंसं खरं आहे, लढाईत पकडून आणलेल्या बाईचं डोकं भादरायचं असं अनुवाद 21 मध्ये आहे. पण योसेफ कैदेतून सुटताना दाढी-हजामत करून, कपडे बदलून फारोपुढं (मिसरच्या राजापुढं) गेला, म्हणजे उलटाच प्रकार. आणि येशूचा प्रेषित पौल यानं किंख्रिया गावात नवसापायी केस उतरवले, पुढं यरुशलेमात नवस केलेल्या चौघांच्या मुंडणाचा खर्चही त्यालाच करायला सांगितला, त्यातला गुलाम कोण आणि कैदी कोण ते मेसेजवाल्यानंच सांगावं.