खुलासा : ‘कोणतीही अडीच इंची ड्राइव्ह बसते’ हे अर्धसत्य

ठाणे-वाशीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतंय : ‘लॅपटॉप बंद करा, चार स्क्रू काढा, कोणतीही अडीच इंची ड्राइव्ह बसवा.’

ड्राइव्ह म्हणजे लॅपटॉपमधली माहिती साठवणारी डिस्क. तिची जाडी बघा आधी. या ड्राइव्ह बहुधा ७ किंवा ९.५ मिलिमीटरच्या असतात. ७च्या जागेत ९.५ची दामटली तर खालचं झाकण लागत नाही. उलट चालतं, फक्त अडीच मिलिमीटरची चौकट लावा, नाहीतर ड्राइव्ह हलते. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत तर ही जागाच नसते.

बंद केल्यावरही बॅटरीचा प्रवाह मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, असतोच. तिचा कनेक्टर आधी सोडवा. आणि स्क्रू चारच? एकदोन रबरी पायांखाली लपलेले असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की कीबोर्डच्या बाजूला फुगवटा येतो, म्हणून कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू जागच्या जागी चिकटवा.