गप्प नव्हते, दुसऱ्यांबद्दल बोलत होते

लेख आवडला, पण आयर्लंडच्या खेड्यांत १८४५ नंतरच्या बटाटा-दुष्काळाबद्दल घराघरांत कुणी अवाक्षर काढत नव्हतं, हे काही पटलं नाही. बोलत होते की! १९३७ ते १९३९ मध्ये शाळकरी मुलांनी आजी-आजोबांना विचारून वह्या भरल्या, १९४५ मध्ये लोककथा आयोगाने खास दुष्काळावरची प्रश्नावली गावोगाव पाठवली. त्यातून ढिगानं आठवणी आल्या. गंमत (गंमत कसली म्हणा) अशी, की उपाशी मेलेले बहुतेकदा पलीकडच्या गावचे, डोंगरापल्याडचे. आपल्या घरातलं कुणी नाही.

याचं कारण नुसती लाज नसावी. १८४७ च्या कायद्यानं पाव एकरापेक्षा, म्हणजे दहा गुंठ्यांपेक्षा, जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत बंद केली. पोटासाठी जमीन सोडावी लागली. ती पुढे कुणाकडे गेली? पुष्कळदा तगलेल्या शेजाऱ्याकडेच. त्याची नातवंडं त्याच बांधावर राहत असताना कोण तोंड उघडणार? दुष्काळात प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या फुकट सूपसाठी कॅथलिक धर्म सोडल्याचा शिक्का मात्र काही घराण्यांवर पिढ्यान् पिढ्या राहिला, तो कुणी विसरलं नाही.

आयर्लंडच्या नैऋत्येला असलेल्या स्किबरीन गावाकडच्या आठवणींत तळाला बिजागरी लावलेली शवपेटी येते. खड्ड्यावर नेऊन तळ उघडायचा, प्रेत खाली, पेटी पुढच्यासाठी परत. एवढं बारीक लक्षात राहतं आणि घरातल्या मेलेल्यांची नावं राहत नाहीत?

त्या वह्या आता ऑनलाइन वाचायला मिळतात. पुढचा लेख त्यांवर लिहाच.