बाही जरा उलटी करून दाखव

‘हे असले कपडे घालून बाजारात जाणार का कुणी?’ फॅशन शोचा एखादा व्हिडिओ शेअर केला की पहिल्या पाच कमेंटींत हा प्रश्न असतोच. नाही जाणार, बाबांनो. सार्वजनिक गणपतीचं वीस फुटी मखर बघताना कुणी विचारतं का, की हे आमच्या हॉलमध्ये मावेल का म्हणून?

माझी आई डोंबिवलीत तीसेक वर्षं ब्लाउज शिवतेय. कुठलाही कपडा हातात आला की ती आधी तो उलटा करते. दाब किती ठेवलाय, अस्तर कुठे ओढतंय, मुंढ्याला चुणी पडलीय का, तुरपाई एकसारखी आहे का. सुलटी बाजू गिऱ्हाइकाची, उलटी शिवणाऱ्याची, असा तिचा सरळ हिशेब. त्यामुळे पॅरिस-मिलानचे स्प्रिंग-समर शो (उन्हाळ्याचे कपडे बहुतेकदा आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच दाखवतात, हेही आईला पटत नाही) बघताना मीसुद्धा तेच शोधत असते. शिवणाऱ्याचा हात कुठे दिसतोय?

माझा सगळ्यात आवडता लुक आहे ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनचा. स्प्रिंग-समर १९९९, म्हणजे लंडनमधला सप्टेंबर १९९८चा शो. शालोम हार्लो ही मॉडेल पांढरा घेरदार झगा घालून लाकडी चकतीवर उभी राहते आणि चकती गोल फिरू लागते. दोन्ही बाजूंना मोटारींच्या कारखान्यातले दोन यंत्रमानव. आधी ते नुसते तिला न्याहाळतात, सापाने मान वळवावी तसे. मग काळ्या आणि पिवळ्या रंगाचे फवारे सोडतात. ती हातांनी स्वतःला वाचवतेय की नाचतेय, तेच कळत नाही. शो संपतो तेव्हा झगा पूर्ण झालेला असतो. किंवा वाया गेलेला, ज्याचं त्याने ठरवावं.

आईला दाखवलं तर म्हणाली, “एवढं पांढरंशुभ्र कापड आणि त्याच्यावर रंग? धुळवड आहे का?” पण दुसऱ्यांदा बघताना तिनेच थांबवायला लावलं. “तो छातीवरचा पट्टा बघ. खांद्याला काही आधार नाही, तरी एवढी फिरली त्यात आणि झगा तसूभरही घसरला नाही.” मी हा व्हिडिओ शंभरदा तरी पाहिला असेल. पट्ट्याकडे लक्ष गेलं नव्हतं.

त्याच शोमध्ये धावपटू एमी मलिन्सही चालली होती. तिचे दोन्ही पाय गुडघ्याखाली नाहीत. मॅक्वीनने तिच्यासाठी लाकडाचे पाय कोरून घेतले, त्यांवर फुलं आणि द्राक्षांचे वेल. बऱ्याच लोकांना ते भारीतले बूटच वाटले.

चोवीस वर्षांनी कोपर्नी या पॅरिसच्या ब्रँडने स्प्रिंग-समर २०२३ला मॉडेल बेला हदीदच्या अंगावर पातळ धाग्यांचा फवारा मारून मिनिटांत ड्रेस उभा केला. जगभर तेच रील फिरलं. मला फवाऱ्याचं फार काही वाटलं नाही, आपला जीव आधीच मॅक्वीनवर जडलेला. पण फवारा थांबल्यावर एक बाई पुढे येते, खांद्यावरचे पट्टे हाताने खाली ओढते, कात्री घेते आणि मांडीपासून चीर देते. तो क्षण! यंत्राने कापड केलं असेल, ड्रेस कात्रीनेच केला.

आता जरा घरचं. जानेवारी २०२२, डिओरचा स्प्रिंग-समर कुतूर (मापाने, हाताने शिवलेल्या उंची कपड्यांचा) शो, पॅरिसचं रोदँ म्युझियम. सगळे मॉडेलकडे बघत होते, मी भिंतींकडे. चित्रकार माधवी आणि मनू पारेख यांची चित्रं अख्ख्या भिंतीभर भरतकामात उतरवली होती, आणि ते भरतकाम मुंबईच्या ‘चाणक्य’ या भरतकामाच्या संस्थेतल्या कारागिरांचं. माझ्या यादीतला हा एकच ‘लुक’, जो कुणी अंगावर घातलेला नाही.

आणि हो, इटलीचा बडा ब्रँड प्राडा. मिलान, जून २०२५, पुरुषांचे स्प्रिंग-समर २०२६चे कपडे, पायात चक्क कोल्हापुरी. तो अंगठा, ती वेणी, कोण ओळखणार नाही? प्राडाने मात्र नुसतं ‘लेदर सँडल’ म्हणून मोकळं व्हावं! २०१९पासून कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, महाराष्ट्राचं आणि कर्नाटकाचं मिळून. बोंबाबोंब झाली, मग प्राडाने प्रेरणा कुठली ते कबूल केलं, माणसं कोल्हापूरला आली आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी दोन हजार जोडांचा करारही झाला. राग मलाही आला होता. पण खरं सांगू? लुक छान होता. आपण कोल्हापुरी लग्नात फेट्यासोबत काढतो, त्यांनी ती साध्या पँटवर, रोजच्यासारखी घातली. आपल्याला ते का सुचलं नाही, याचा राग जास्त आहे.

शेवटचा लुक मात्र असा, की बाजारात सहज खपून जाईल. बोत्तेगा वेनेता या इटालियन ब्रँडचा स्प्रिंग-समर २०२३. मॉडेल केट मॉस येते ती चौकड्याचा ढगळ शर्ट आणि जीन्स घालून. बस. दुकानात निघालेल्या बाईसारखी. आणि ते सगळं चामडं असतं! चामड्यावर थरावर थर छापून तेव्हाचा त्यांचा डिझायनर मॅथ्यू ब्लेझीने त्याला फ्लॅनेल आणि डेनिमचं रूप दिलं होतं. एवढी मेहनत कशासाठी, तर कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

आईला वाटलं मी थट्टा करतेय. फोन डोळ्यांजवळ धरून, बोटांनी मोठं करून करून तिने बाहीची शिवण पाहिली. “चामड्याला टीप एकदाच मारता येते,” म्हणाली, “उसवलं की भोक राहतं. ह्याने चुकायचंच नाही असं ठरवून शिवलंय.” मग जरा वेळाने, फोन परत देत:

“पण उलटी बाजू कुठे दाखवली?”