'एकजिनसी' आर्मेनियाची गोष्ट आणि तिच्यातली भोकं

आर्मेनियाने भारताकडून पिनाका रॉकेट यंत्रणा घेतली आणि आपल्याकडे त्या देशाबद्दल एकदम जिव्हाळा दाटून आला. त्याला हरकत नाही. पण त्याच भरात एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: "जगातलं पहिलं ख्रिस्ती राष्ट्र. ९८ टक्के लोक एकाच वंशाचे, एकच चर्च, एकच भाषा. म्हणून तिथे ना अल्पसंख्याकांची भानगड, ना धर्मावरून भांडण, ना बायकांचे मोर्चे. हक्कांची जी काही ओरड आहे, ती युरोपच्या पैशांवर." पुढे अर्थातच "आपण काय शिकणार?" आणि हात जोडलेले.

आकडा खरा आहे. २०११ च्या जनगणनेत ९८ टक्क्यांहून थोडे जास्तच लोक आर्मेनियन निघाले. पण उरलेले दोन टक्के हवेत विरलेले नाहीत. त्या जनगणनेत ३५ हजारांच्या आसपास यझिदी (स्वतःचा वेगळा धर्म असलेला समाज) होते. शिवाय मोलोकान हा रशियन ख्रिस्ती पंथ आहे, असिरियन आहेत, कुर्द आहेत. येरेवानजवळ अकनालिच गावात यझिदींचं मोठं मंदिर २०१९ मध्ये उघडलं. संसदेत अल्पसंख्याकांसाठी चारपर्यंत जागांची तरतूद आहे. प्रश्नच नसता तर ही तरतूद कशाला केली असती?

आता "एकच चर्च, म्हणून भांडण नाही". इथे मजकूर पार आडवा होतो. वाहान बायात्यान या मुलाचं उदाहरण घ्या. १९८३ चा जन्म, वंशाने आर्मेनियन, धर्माने यहोवाचा साक्षीदार, म्हणजे राष्ट्रीय चर्चबाहेरच्या एका ख्रिस्ती पंथाचा. लष्करात भरतीचं वय झालं तसं २००१ मध्ये त्याने सरकारी वकील आणि लष्करी अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली. बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथाचा हवाला देऊन कळवलं, की माझी सदसद्विवेकबुद्धी मला शस्त्र धरू देत नाही, पण त्याऐवजी नागरी सेवा द्या, ती मी करतो. खोटं वैद्यकीय सर्टिफिकेट आणलं नाही. त्याच वर्षी जानेवारीत आर्मेनिया युरोप परिषदेत (मानवाधिकारांसाठीच्या युरोपीय देशांच्या संघटनेत) दाखल झाला होता आणि तीन वर्षांत पर्यायी सेवेचा कायदा करू, असं वचन देऊन बसला होता. तरी मुलाला दीड वर्षाची शिक्षा झाली. ती कमी वाटली म्हणून सरकारी वकिलाने अपील केलं आणि ती अडीच वर्षांवर गेली.

प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं. पहिल्या फेरीत तो हरला. ७ जुलै २०११ रोजी मोठ्या पीठाने सोळा विरुद्ध एक मतांनी निकाल फिरवला: विवेकाला पटत नाही म्हणून लष्करसेवा नाकारणं हे धर्म आणि विचारस्वातंत्र्याच्या संरक्षणात बसतं. विरोधातलं ते एकमेव मत आर्मेनियाच्याच न्यायाधीशबाईंचं होतं. पर्यायी सेवेचा पहिला कायदा तोवर आलेला होता, पण त्यातली 'नागरी' सेवा ४२ महिन्यांची आणि लष्कराच्या देखरेखीखालची, म्हणून ती नाकारून मुलं तुरुंगात जातच राहिली. २०१३ मध्ये ती ३६ महिन्यांवर आली आणि लष्कराचा हात निघाला. साधी लष्करसेवा तेव्हा २४ महिन्यांची होती. तुर्कस्तान आणि अझरबैजान या दोन्ही बाजूंच्या सीमा बंद असलेल्या, युद्धाच्या छायेतल्या देशाला सैन्य लागतं, हे मला कळतं. पण रक्त आणि भाषा एकच असूनही हा मुलगा आतच गेला ना?

बायकांचं म्हणाल तर पहिल्या प्रजासत्ताकाने स्त्रियांना मत दिलं आणि १९१९ च्या ऐंशी जणांच्या संसदेत तिघी निवडूनही आल्या. पुढची वाट मात्र सोपी नव्हती. कौटुंबिक हिंसेविरुद्धचा कायदा डिसेंबर २०१७ मध्ये कसाबसा झाला. 'आमची कुटुंबं मोडायला आलेत' असा गलका इतका झाला, की कायद्याच्या नावातच 'कुटुंबात सलोखा पुन्हा प्रस्थापित करणं' घालावं लागलं. म्हणजे नवऱ्याने हात उचललाय आणि कायदा समेटाकडे बोट दाखवतोय! ते शेपूट २०२४ च्या दुरुस्तीत गेलं. स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या इस्तंबूल करारावर २०१८ मध्ये सही झाली, मंजुरी अजून नाही.

आणि मुली. २०१० च्या सुमारास आर्मेनियात दर शंभर मुलींमागे ११४-११५ मुलगे जन्मत होते; निसर्गाचं प्रमाण साधारण १०५. आपल्या हिशेबात मांडलं तर हजार मुलांमागे ८७०-७५ मुली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, आणि तरी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांना आर्मेनियाकडून शिकायचंच असेल, तर या बाबतीत आपण दोघंही एकाच बाकावर आहोत.

"युरोपच्या पैशांवर" यात तथ्याचा कण आहे. २०१७ च्या कायद्यामागे युरोपीय संघाचा रेटा होता, हे लपवण्यासारखं नाही. पण जून २०१५ मध्ये विजेचे दर सुमारे १७ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, तेव्हा येरेवानच्या बाघ्राम्यान रस्त्यावर कचऱ्याचे डबे आडवे लावून दिवसेंदिवस बसलेली तरुण पोरं विजेच्या बिलासाठी बसली होती. २०१८ मध्ये दहा वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिलेले सर्झ सार्ग्स्यान पंतप्रधानपदावर सरकले आणि सहा दिवसांत रस्त्यावरच्या गर्दीने त्यांना पायउतार केलं. हक्कांची भाषा त्याहूनही जुनी आहे, आणि तिचा एक धागा भारतातून जातो. अठराव्या शतकात मद्रासमधले आर्मेनियन व्यापारी शहामीर शहामिर्यान यांच्या वर्तुळात स्वतंत्र आर्मेनियासाठी ५२१ कलमांची राज्यघटना लिहिली गेली. आर्मेनियन असो वा परका, पुरुष असो वा बाई, सगळे समान, असं तीत आहे. तेव्हा युरोपीय संघ कुठे होता?

शेवटचा दावा एकीचा. सप्टेंबर २०२३ मध्ये नागोर्नो-काराबाख हा आर्मेनियन वस्तीचा प्रदेश अझरबैजानच्या हाती गेला, तेव्हा तिथून लाखभर आर्मेनियन काही दिवसांत आर्मेनियात आले. त्यांच्याजवळ आर्मेनियाचेच पासपोर्ट होते, तरी सरकारने त्यांना निर्वासित ठरवून नागरिकत्वासाठी अर्ज करायला लावले. जनतेच्या आंदोलनातून आलेल्या याच निकोल पाशिन्यान सरकारच्या काळात २०२१ मध्ये 'गंभीर अपमान' हा फौजदारी गुन्हा झाला. पंतप्रधानांवर फेसबुकवर तोंडसुख घेणाऱ्यांनाही तो लागला. वर्षभराने मागे घेतला. आणि ज्या 'एकाच चर्च'चं एवढं कौतुक आहे, त्याच्या दोन आर्चबिशपांना जून २०२५ मध्ये सरकार उलथवण्याशी संबंधित आरोपांखाली अटक झाली. आरोप खरे की राजकीय, यावर आर्मेनियातच दोन तट आहेत.